मध्यान्हाला काय म्हणायचं

"नक्कल" हा शब्द मंडळातल्या एका वकिलांनी मागे घ्यायला लावला, तेव्हा डॉक्टर जरा खट्टू झाले. घर त्यांचं, घड्याळं जमवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष तेच, आणि शब्दही त्यांनीच सुचवलेला. दातांच्या दवाखान्यात त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे, कारण तिथे समोरच्याचं तोंड उघडंच असायचं. इथे मात्र सगळ्यांनाच बोलता येत होतं.

मंडळाचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि एका नावापाशी गाडी अडली होती. 'मध्यान्ह' हे मनगटी घड्याळ तरुणपणी ज्यांना परवडलं नाही, तेच आता म्हातारपणी त्याच्यासाठी जीव टाकत. आता त्याच कारखान्याने त्याच नावाची नवी घड्याळं काढली होती. जुनं ते मूळ मध्यान्ह, यात वाद नव्हता. नव्याला काय म्हणायचं? 'नक्कल' तर बाद झालं होतं. कुणी नवमध्यान्ह सुचवलं, कुणी मध्यान्ह दुसरं. निवृत्त वैमानिक म्हणाले, मध्यान्ह उलटल्यावर काय येतं, तिसरा प्रहर, तेच नाव ठेवा. सगळे हसले, डॉक्टर सोडून. त्यांच्या मते कारखान्याने सोन्यासारख्या घड्याळाचं वाटोळं केलं होतं. जाडी उतरवून पार पापुद्रा केला, तारखेची खिडकी बुजवली, तबकडी कोरी करकरीत ठेवली. अशा घड्याळाने थोरल्याचं नाव लावून मिरवू नये.

खिडकीजवळच्या खुर्चीत बाई चहाचा कप धरून बसल्या होत्या. मूळ मध्यान्ह त्यांनी घडवलेलं. त्या आत आल्या तेव्हा सगळी खोली उठून उभी राहिली होती. हा मान त्यांना नवा नव्हता; फक्त तो अंगाला कधी नीट बसला नव्हता.

कारण त्यांनी आधी कागदावर काढलेलं घड्याळ वेगळंच होतं. पातळ, कोऱ्या तबकडीचं. पितळेचा नमुना त्यांनी स्वतः कानस घासून केला होता. यंत्र बनवणाऱ्यांनी सांगितलं, एवढ्याशा जागेत आमचं यंत्र मावत नाही. विक्रीवाले म्हणाले, एवढं महागाचं घड्याळ आणि तारीख नाही, असं कसं चालेल? बाईंनी आधी थोडं ऐकलं, मग बरंच. नमुना भंगारात गेला. घड्याळ बाजारात आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. सगळं जग कौतुक करतंय म्हटल्यावर तक्रार कुणापाशी करायची? त्यांनी ती कुणापाशीच केली नाही.

दाराजवळ डावऱ्या बसला होता. डाव्या हाताने रेखाटायचा, म्हणून कारखान्यात हे नाव पडलं आणि केस पांढरे झाले तरी तेच राहिलं. तो बाईंच्या टेबलावर काम शिकला. तो आला तोवर पितळेच्या त्या नमुन्याचं नावही कुणी काढत नव्हतं. आता बाईंची जागा त्याच्याकडे होती आणि नवं मध्यान्ह त्याच्या हातचं होतं. मंडळाने एकदा नाक मुरडलं की दुकानदारही मुरडतात, आणि मग मालक ते घड्याळ बंद करणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी आपल्या बाजूने बोलायची त्याला सवयच नव्हती.

"बाई, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते छापू."

बाईंनी कप खाली ठेवला आणि नवं घड्याळ मागितलं. इतके दिवस त्यांनी ते मुद्दाम हातात घेतलं नव्हतं. आपलं काम कुणी बिघडवलेलं बघवणार नाही, आणि सुधारलेलंही कदाचित बघवणार नाही, असं त्यांना वाटे. आता ते तळहातावर आलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला, सावकाश. पितळेच्या नमुन्यावर कानशीने आणलेली ती बारीक उतरण त्यांच्या अंगठ्याला डोळ्यांच्या आधी ओळखू आली.

"डावऱ्या, तारीख का काढलीस?"

तो उभा राहिला. कारखान्यात मालकांपुढे त्याने तबकडीच्या समतोलावर बरंच काही सांगितलं होतं. ते आता त्याला आठवेना.

"बाई, तुमच्या हातात मध्यान्ह असायचं, पण तारीख तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचात. रोज. मला वाटलं, ती खिडकी तुम्हाला नको असावी."

मग त्याने अडखळत जाडीचंही सांगितलं. बाईंची बाही घड्याळाला अडायची, त्या ती वैतागून वर सारायच्या. समोर बसून तो हे बघायचा, आणि आपल्याला कधी संधी मिळाली तर बाही अडणार नाही असं घड्याळ करायचं, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं.

बाईंनी मनगटावरचं जुनं घड्याळ उतरवून नवं चढवलं. हात खाली सोडला. बाही घड्याळाला न अडता सरसर घसरून खाली आली. बाई स्वतःशीच हसल्या, अगदी गाल वर येईपर्यंत, आणि त्यांना असं हसताना डावऱ्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. नव्याला काय म्हणायचं, एवढंच त्यांना लिहून घ्यायचं होतं.

"नव्याला मूळ म्हणा," बाई म्हणाल्या. "माझं नुसतं आधी निघालं."