गाठीला पोचणारं रक्त

अकोल्याचं मशीन बंद होतं, म्हणून कुमुदिनीबाई तपासणीसाठी एकट्याच अमरावतीला गेल्या. शिरेतून औषध गेलं, चित्रं निघाली आणि त्या टेबलावरून उतरेपर्यंत यकृतातल्या गाठीला किती रक्त पोचतंय ते मशीनने मोजूनही टाकलं. आकड्यासाठी आता डॉक्टरांची वाट पाहावी लागत नसे.

"काकू, खरा आकडा सांगू की घरच्यांनी ठरवलेला?" मशीनवरच्या मुलीने विचारलं.

"म्हणजे?"

मुलगी गोंधळली. तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. अकोल्याहून आलेल्या फॉर्मवर नवऱ्याची, दिनकररावांची सही होती. रुग्णाला सौम्य आकडा सांगावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली मागच्या तीन तपासण्यांचे खरे आकडे होते. अठरा, सव्वीस, एकेचाळीस. गाठ रक्त ओढतच चालली होती आणि त्यांना मात्र दर वेळी 'कमी होतंय' असंच ऐकवलं गेलं होतं. त्या भरवशावर त्यांनी धाकट्या बहिणीकडे शिलाँगला जाणं पुढच्या वर्षावर ढकललं होतं. दिनकररावांनी तर पेढे आणले होते.

"आज किती?"

"त्रेपन्न."

त्यांनी स्क्रीनवरच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव काढून टाक. यापुढे आकडा फक्त मला कळवायचा."

संध्याकाळी दिनकरराव गाडी घेऊन बसस्टँडवर आले होते. एरवी खरा आकडा त्यांच्या मोबाईलवर येई; या वेळी काहीच आलं नव्हतं.

"किती आला गं?"

"कमी झालाय," त्या म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.