चार गुणांचा प्रश्न

चारपैकी शून्य! इतिहासाच्या बाईंनी लाल पेनाने चारपैकी चार दिले होते, आणि मुख्य परीक्षकांनी हिरव्या पेनाने त्यावर काट मारून भोपळा काढला होता. बेरीज सदतीसवरून तेहेतीसवर घसरली. पास व्हायला पस्तीस लागतात. लिहिणारा मुलगा की मुलगी, कोण जाणे. वर नुसता बैठक क्रमांक. पण जे कोण होतं ते दोन गुणांनी गेलं.

प्रश्न साधाच होता. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर टाकलेला बहिष्कार यशस्वी का झाला? नमुना उत्तरात चार मुद्दे: संघटना, नेतृत्व, बस कंपनीचा तोटा, न्यायालयाचा निकाल. सकाळपासून बाईंनी साठ पेपरांत हेच चार याच क्रमाने वाचले होते, घोकून आणून ओकलेले. डोकं उठलं होतं. आणि मग हा पेपर आला.

'लोक वर्षाहून जास्त दिवस चालले,' असं त्यात लिहिलं होतं. 'माझी आई एका इमारतीत साफसफाई करते. तिथे कामगारांना लिफ्ट बंद आहे. ती रोज तीनदा नऊ मजले चढते. घरी आली की भिंतीला पाय लावून पडते. त्या लोकांनाही रोज सकाळी वाटलं असेल की आजच्या दिवस बसने जाऊ. ते गेले नाहीत. बाकीचे सगळे मुद्दे त्या पायांवर उभे आहेत.'

बाई तो पेपर घेऊन मुख्य परीक्षकांच्या टेबलाशी गेल्या आणि तावातावाने भांडल्या. साठ जणांना कळलं नाही ते या एका लेकराला कळलंय, म्हणाल्या. परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी उत्तर पुन्हा वाचलं, चष्मा पुसला. गेल्या वर्षी असेच गुण दिले म्हणून आपल्याला मेमो मिळाला होता, तेही सांगितलं.

"चालणं नमुना उत्तरात नाही, बाई," ते म्हणाले. "बदललेल्या गुणांपुढे तुमची सही लागते. तेवढी करा."

बाईंनी सही केली नाही. करणार नाही, असंही म्हणाल्या नाहीत. तेवढी हिंमत असती तर आणखी काय हवं होतं! एकोणीस वर्षं त्या मान डोलवत आल्या होत्या. पेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून त्या बाकीचे तपासत बसल्या, स्वतःवरच चरफडत.

पाच वाजता गठ्ठे तळमजल्यावर जमा करायचे होते. परीक्षकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं. वर पाटी होती: फक्त अधिकाऱ्यांसाठी. तपासणीला येणारे शिक्षक पाचही मजले जिन्याने चढत नि उतरत, आणि बाईंचा गुडघा उतरतानाच जास्त दुखे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी लिफ्टमध्ये 'या' म्हटलं नव्हतं, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"या, आज माझ्याबरोबर चला. गुडघ्याचं माहीत आहे मला," परीक्षक म्हणाले. "आणि जाता जाता ती सही उरकून टाका."

बाईंचं एक पाऊल आत पडलंसुद्धा. मग त्यांनी ते मागे घेतलं आणि गठ्ठा छातीशी घट्ट धरला.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "तो मुद्दा मी तपासून येते."

आणि त्या जिन्याकडे वळल्या.