वरचं वळण

तोंडात दुर्बिणीच्या नळीसाठी प्लास्टिकची कडी बसवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी सुताराला विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का. नळी आत गेल्यावर बोलता येणार नाही.

घसा बधिर करायच्या औषधाने सुताराची जीभ जड झाली होती. डाव्या कुशीवर पडल्या पडल्याच तो म्हणाला, "रंधा मारलेल्या जागी कीड सापडत नाही, बाई. गाठीत बघा."

यांना इथंही दुकानच दिसतं, असं त्याची बायको दारातून म्हणाली. दोनदा तपासलं, दोनदा काही निघालं नाही. काम अंगावर आलं की यांचं पोट दुखतं, हे आता शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. सुताराने मान भिंतीकडे वळवली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

'जंतू नाहीत' हे दोन्ही वेळा ज्यांनी लिहिलं होतं, त्या प्रयोगशाळेतल्या ताई आज मुद्दाम वर बोलावलेल्या होत्या. जठराचे तांदळाएवढे तुकडे काचेवर घ्यायचे, निळ्या रंगात बुडवायचे आणि जंतू मोजायचे, हे त्या तीस वर्षं करत होत्या. आपल्या मोजणीवर त्यांचा भरवसा होता. त्या हात पाठीशी बांधून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधीच्या तपासण्यांचा कागद पुढे केला. दोन्ही तुकडे जठराच्या खालच्या टोकाचे होते. सुतार मात्र औषधाच्या दुकानातून आणून रोज आम्ल कमी करायची गोळी खात होता. आम्ल कमी झालं की हे जंतू बिऱ्हाड हलवतात, वर जातात. "तुमचं चुकलं नाही, ताई. आपण रिकाम्या खोलीत शोधत होतो."

नळी आत गेली. पडद्यावर गुलाबी, ओल्या, चकाकणाऱ्या घड्या उघडत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी टोक वर वळवलं, निळ्या रंगाचा बारीक फवारा सोडला आणि पाचशे पट मोठं दाखवणारं नवं भिंग जठराच्या भिंतीला अलगद टेकवलं. मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रांची रांग समोर आली. ताईंनी सूक्ष्मदर्शकाच्या सवयीने डावा डोळा मिटला.

"ताई, दोन्ही उघडे ठेवा. हा टीव्ही आहे," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. ताईंना ऐकू गेलं नाही.

पहिल्या जागी काही नव्हतं. दुसऱ्या जागी नव्हतं. चित्र हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरत होतं. दर 'नाही'ला सुताराची मूठ पलंगाच्या दांडीवर घट्ट होत होती.

वरच्या वळणात, एका घडीच्या आडोशाला, निळ्या दोऱ्यासारखी बारीक रेघ हलली. मग शेजारची. मग ती सगळी घडीच हलायला लागली. पीळ पडलेल्या इवल्या देहांनी ते जंतू स्वतःभोवती गरगर फिरत चिकट थरात शिरत होते, थांबत होते, मागे येत होते, पुन्हा शिरत होते.

ताई मोजू लागल्या. अकरापर्यंत पोचल्या, तोवर पहिला जागेवर नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग मोजणं थांबलं. त्यांच्या काचेवर हे नेहमी मेलेले, स्वल्पविरामासारखे वाकून पडलेले असत.

"हे असे चालतात?" त्या हळूच म्हणाल्या. मिटलेला डोळा त्यांनी केव्हा उघडला, त्यांनाही कळलं नाही.

सुतार पापणी न हलवता पडद्याकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंनी चित्र साठवून ठेवलं, पण नळी लगेच काढली नाही. दार उघडून बायकोला आत घेतलं आणि पडद्याकडे बोट केलं.

तिने विचारलं, हे काय आहे. कुणी उत्तर द्यायच्या आत सुताराने उजवा हात वर उचलला. बोलता येत नव्हतं. त्याने मूठ आवळली आणि लाकडात गिरमिट फिरवावं तसं मनगट हवेत सावकाश फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

बायकोने त्या हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं.

"हे रोज चालू होतं? आत?"

सुताराचं मनगट फिरतच होतं. तिने पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं. मनगट थांबलं. पडद्यावर फिरणं चालूच राहिलं.