भुताची हाक

चार वाजता द्वारकाला नोकरीवरून काढल्याचं सांगायचं होतं, आणि ते नकोसं काम कारभारी सरांच्या गळ्यात पडलं होतं. कंपनी पुण्याची, मुकुंदवाडीत तिचं बारा माणसांचं ऑफिस, आणि सर त्याचे प्रमुख. द्वारका कामचुकार असती तर सांगणं सोपं गेलं असतं. पण ती तशी नव्हती.

यांचं काम म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. आतली डिस्कही खोटीच, म्हणजे नुसतं कोड; तिचं काम झालं की तिनं 'झालं, घेऊन जा' अशी हाक द्यायची. त्या हाकेला ओ मिळाली की गाडी पुढे जाते. मार्चपासून आतलं मशीन मधूनच अडून बसू लागलं. नवी डिस्क द्वारकानं लिहिलेली, तीही मार्चमध्येच. मग काय, बोट दाखवायला कुणी लांब गेलं नाही.

सरांनीही अहवालात तेच लिहिलं होतं. तरी पाठवण्याआधी, निदान जिवाला बरं वाटावं म्हणून, त्यांनी हाका ऐकणारं कोड उघडलं. ते त्यांचं स्वतःचं, नऊ वर्षांपूर्वीचं. त्यात चूक असूच शकत नाही, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं.

मध्येच त्यांना आपलीच टीप दिसली : 'एकच हाक म्हणजे भूत. ओ देऊ नये.'

सरांना हसू आलं. अजिंठ्याजवळच्या गावी त्यांची आई सारजाबाई सांगायची, "रातच्याला कुनी हाक मारली तर लगीच ओ देऊ नको रं. भूत येकदाच हाक मारतं. मानूस आसंल तर परत मारंल." तेव्हाच्या डिस्क ओ मिळेपर्यंत ओरडत राहायच्या, एकुलती एक हाक आली तर ती खोटीच असायची. सरांनी आईचा नियम कोडात घातला. तो चालला, वर शाबासकीही मिळाली.

मग त्यांचं हसू थांबलं. द्वारकाची डिस्क नव्या पद्धतीची होती. ती एकदाच हाक मारायची. कामाची वर्दळ असली की मागोमाग पुढची हाक यायची, म्हणून निभावून जायचं. आणि सामसूम असली तर? सरांनी बाकी सगळं बंद करून डिस्कला एकच काम दिलं. मशीन जागच्या जागी बसलं. टिपेखालच्या चार ओळी त्यांनी काढल्या. मशीन चालू लागलं. वीस वेळा करून बघितलं, वीसही वेळा चाललं.

सरांचे कान तापले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरच फाशीचा हुकूम लिहायला बसलेला! क्षणभर वाटलं, ओळी गुपचूप काढाव्यात आणि 'सुटलं एकदाचं' म्हणून मोकळं व्हावं. असं वाटल्याचीच त्यांना फार लाज वाटली. त्यांनी अहवाल पुसून टाकला, पुण्याला फोन लावला आणि चूक आपली असल्याचं सांगितलं. पलीकडच्यांना ते खरं वाटेना. सरांनी पुन्हा सांगितलं. शेवटी द्वारकाला ठेवायचं ठरलं.

ते बाहेर आले तेव्हा द्वारका टेबल आवरत होती. कुणकुण तिला सकाळीच लागली होती.

"ऱ्हाऊ दे ते," सर म्हणाले. "तू कुठं जात नाय. तुझी डिस्क बरोबर हाय. ती येकदाच हाक मारती, अन् माझं कोड ती सोडून देत होतं."

"माहितीये, सर."

"म्हाईत होतं? मंग बोलली का नाय?" सरांचा आवाज चढला.

द्वारकानं पिशवीत ठेवलेला डबा पुन्हा बाहेर काढला.

"बोलले होते ना सर, एप्रिलच्या मीटिंगमध्ये," ती म्हणाली. "एकदाच."