एकट्याची करवत

बासष्ट साली एका एजंटाने मोर्शीचे लाकूड-ठेकेदार खुशालराव यांच्यापुढे मोटारीवर चालणाऱ्या दोन करवती आणून ठेवल्या. जर्मन करवत हलकी, एकट्याला पेलणारी. विलायती थोराड, दोन्ही टोकांना माणूस मागणारी. निवाडा त्यांनी आपल्या जुन्या मजुरावर, नत्थुजीवर सोपविला, कारण बुधाजीच्या जोडीने आरा, म्हणजे दोन मुठींची लांब हातकरवत, ओढण्यात त्याचे अर्धे आयुष्य सरले होते. गेल्या साली तापाने बुधाजीच्या उजव्या हाताचे बळ हिरावून नेले होते. ते मालकापासून लपवून ठेवण्यात आपण यशस्वी झालो, असे नत्थुजी मानीत असे. आणि हलकी करवत आली की बुधाजीला या हाताने दुसरे काम कोणी देणार नाही, हेही तो जाणून होता.

जर्मन करवतीने बाभळीचा बुंधा पाहता पाहता आडवा केला. विलायती धूर ओकीत अर्ध्यातच अडली.

"मालक, विलायतीच घ्या," नत्थुजी म्हणाला.

"अबे, ते तर दमेकऱ्यावानी खोकलून राहिली होती."

"खोकलू द्या. दोघांच्या हातात असली का जिवाले भेव नाई."

खुशालराव त्याच्या जवळ आले.

"सकायीच बुधाजी येऊन गेला. म्हने, एकट्याचीच घ्या मालक. वरीसभर आरा नत्थूभाऊच ओढते अन् नत्थूभाऊच ढकलते, मी नुसता मुठीले हात लावून उभा रायतो."