रजईतला आवाज

“कानांना जपा, ताई,” बोळेकाका म्हणाले, तेव्हा ती नुसती हसली होती. पाच महिन्यांची मुलगी झोळीत, छातीशी गाढ झोपलेली, आणि ती नेहमीसारखी स्पीकरला खेटून उभी.

“हिला पोटात असल्यापासून सवय आहे, काका.”

काकांनी खिशातून कापसाचे दोन जाड बोळे काढून पुढे केले. आल्यागेल्या प्रत्येकाला ते बोळे द्यायचे, म्हणून तर हे नाव.

“गाणं ऐकायला येते मी. गाळून घ्यायला नाही,” ती म्हणाली आणि बोळे पर्समध्ये टाकले.

आज कानाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून तिला तेच आठवत होतं. मुलगी आता तीन वर्षांची होत आली होती. शेजारी बसून पाय हलवत होती, बाहुलीला काहीतरी समजावत होती. तिच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ मात्र गायब. शब्दांच्या कडा कुणी खोडरबराने पुसाव्यात तसं बोलायची.

“खणखणीत बोलते की पोर!” सासूबाई म्हणायच्या. “तूच उगाच जिवाला घोर लावून घेतेस.”

पण मुलाला जो आवाज ऐकू येत नाही तो त्याच्या बोलण्यातही येत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

आताही तिने सवयीने पर्समधून थर्मामीटर काढून मुलीच्या काखेत लावला.

“दवाखान्यात येताना आपला वेगळा दवाखाना घेऊन आलीस?” नवरा म्हणाला.

“असू दे. अंग कोमट लागतंय.”

थर्मामीटर हल्ली वाजत नसे. मुलगीच मध्येच तो ओढून काढायची आणि “झालं!” म्हणायची. आताही काढला. ताप नव्हता.

लग्नाआधीपासून ती तळघरातल्या कार्यक्रमांवर लिहीत आली होती. तळघर म्हणजे सायकलच्या दुकानाखालची साठेक माणसांची जागा. मोठ्या मंचावर ज्यांना कुणी बोलवत नाही असे बँड तिथे स्वतःची गाणी वाजवत. तिचं वाचून लोक तिकिटं काढत. टाळ्यांसाठी लिहिलेलं गाणं ती पहिल्या कडव्यातच पकडायची. “गिटार जुळवायला दहा मिनिटं घेतली, आता एखादं गाणंही जुळवा,” असलं काही लिहिलं की लोक ते आठवडाभर एकमेकांना पाठवत बसायचे.

गेल्या वर्षी तिने लिहिलं, तळघरातला आवाज हल्ली रजईतून येतो. ड्रमच्या झांजांना धार नाही, गायिकेचे अर्धे शब्द मध्येच कुणीतरी गिळतं. आवाजांचा तोल सांभाळायला मिक्सरवर बसणाऱ्याला डुलकी लागत असावी.

मिक्सरवर बसायचे बोळेकाका.

मालकाने नवे स्पीकर आणले. तिने लिहिलं, रजई नवी, आवाज जुनाच. लोकांनी तेही वाचलं, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांनाही ती रजई ऐकू यायला लागली.

तिसऱ्या लेखानंतर काका दिसले नाहीत. मिक्सरवर नवा माणूस होता. त्याने आवाज चांगलाच चढवला. तिला बरं वाटलं. नवरा मात्र दुसऱ्या गाण्यालाच बाहेर जाऊन उभा राहिला.

“कानठळ्या बसल्या गं माझ्या!”

“तुला गाण्यातलं काय कळतं?”

पुढे कुणीतरी सहज बोलून गेलं, की काकांना आता कुठल्याच कार्यक्रमाला बोलवत नाहीत, ते कुणाला भेटतही नाहीत. तिला चुटपुट लागली. पण खरं ते लिहायलाच हवं ना? मग मुलीच्या बोलण्याकडे लक्ष गेलं, आणि ती चुटपुट तिथे जाऊन बसली ती उठेचना. काकांनी सांगितलं होतं. आपण हसलो. पोरीचे कान आपल्या हौसेपायी गेले.

“चला, आत या,” तपासणाऱ्या बाईंनी हाक मारली.

आत काचेची खिडकी असलेली लहानशी बंद खोली होती. “छोट्यांच्या कानांवर हेडफोन राहत नाही, म्हणून आवाज या स्पीकरमधून येईल,” बाई म्हणाल्या. “आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, हं बाळ? आई, तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही, खुणावायचं नाही.”

बाई काचेपलीकडे गेल्या. पहिले आवाज जाडेभरडे, घुमणारे होते. आवाज आला की मुलगी ठोकळा टाकायची.

मग आवाज थांबले.

मुलगी थांबली नाही. मान किंचित वाकडी करायची आणि ठोकळा टाकायची. जरा वेळ गप्प बसायची आणि पुन्हा एक टाकायची. त्या निवांत खोलीत डब्यात ठोकळ्यांचा खच पडत होता. नुसता खेळ समजून टाकतेय, तिला वाटलं. बिचारीला आवाज आला काय नि गेला काय. तिने पदराआड करावा तसा ओढणीआड चेहरा केला. रडताना मुलीने बघायला नको होतं.

दार उघडलं. बाई हसत होत्या.

“भारीच हुशार आहे तुमची लेक. एकही ठोकळा चुकला नाही.”

“पण आवाज तर मघाशीच थांबले होते!”

बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“हिला बाबांकडे द्या. आणि जरा तुम्ही बसता इथे?”

त्या संध्याकाळी तिच्या वाचकांना एवढाच मजकूर मिळाला:

“तळघरातला आवाज कधीच बिघडला नव्हता. बोळेकाका कुठे राहतात ते मी कधी विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर एकदा जाऊन बघून याल का, ते बरे आहेत ना?”