मान खाली, कान उघडे

"मधलं गाळलंस ना?" उशीत तोंड खुपसूनच रघुवीर गुरगुरले.

"नाही हो बाबा, वायफाय लटकलं होतं," अतुल म्हणाला.

वायफाय म्हणे! रघुवीरांना सगळं कळत होतं. पण करणार काय? ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला. मान खाली घालून पालथं पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मान वर केली तर डोळ्याचा पडदा पुन्हा सुटणार. दुसरा डोळा तर केव्हाच गेलेला. म्हणजे कायमचा अंधार!

लेक वरदा दिवसभर ऑफिसात. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या घरात हाताशी होता तो घरून काम करणारा जावई, आणि तो पडला पक्का विरोधी पक्षाचा! भारतातल्या गेल्या निवडणुकीत सासऱ्या-जावयाची अशी जुंपली, की वरदाने जेवणाच्या टेबलावर राजकारणाला बंदीच घातली.

त्या लोकांचं एक अक्षर रघुवीर वाचत नसत. डोळे बाटतात म्हणायचे. वाचायचे ते फक्त सरकारची बाजू घेणाऱ्या सबनीसांचा पेपरातला रोजचा लेख. आता तोही या गृहस्थाच्या तोंडून ऐकायचा, आणि हा वाक्यावाक्याला अडखळणार! नक्की मधेच स्वतःचं विष कालवत असणार. कान झाकून उठून जायचीही सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"वाच पुढे. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर उठून बसेन, सांगून ठेवतो!"

"नका हो बाबा, प्लीज!" अतुल खरंच घाबरला. घसा खाकरून तो पुढे वाचू लागला. विरोधकांची अशी सालटी निघाली, की रघुवीर उशीतल्या उशीत खूश झाले.

"वा सबनीस, वा रे पठ्ठ्या! ऐका जावईबापू, शिका काहीतरी!"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मान वर करायला परवानगी दिली. डोळा वाचला होता, फक्त अजून अंधुक दिसत होतं. वरदा चहा घेऊन आली, मागोमाग अतुल.

"आज तू वाच गं," रघुवीर म्हणाले. "हा गाळतो."

वरदाने फोनवर लेख उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, सबनीस तर तुमच्या ऑपरेशनच्या दिवशीच पलटलेत. तेव्हापासून रोज तुमच्याच सरकारला झोडपतायत." ती नवऱ्याकडे वळली. "अतुल, इतके दिवस तू वाचत काय होतास?"